मोहाच्या पाकातली कोंबडी

आमच्या घरी दोन तवे होते. एक भाकरीचा, पातळ आणि मध्ये किंचित खोलगट. तो रोज चुलीवर असे. दुसरा जाड लोखंडाचा, तळाला सपाट आणि काठाला चार बोटे उंच. तो आईने माहेरून आणलेला होता आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असे. त्याला वेगळे नाव नव्हते. आम्ही त्याला मोठा तवा म्हणत असू. भाकरीच्या तव्याचे काम मी लहानपणीच शिकले. मोठा तवा खरा कशासाठी आहे हे मात्र मला नववीत असताना, हिवाळ्यातल्या एका शनिवारी कळले.

आमचे गाव चंद्रपूरहून मूलला जाणाऱ्या रस्त्यावर होते. रस्त्याच्या एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि दुसऱ्या अंगाला सागाचे जंगल. शाळा जंगलाच्या बाजूला आणि शाळेला लागून आमचे घर: मातीच्या भिंती, कौलांचे छप्पर, पुढे शेणाने सारवलेले अंगण आणि बांबूचे कुंपण. बाबा त्या शाळेत विज्ञान शिकवीत. घरातही ते पुस्तकातल्यासारखेच बोलत. ‘पाणी आणा’, ‘दिवा लावला आहे का’, अशी त्यांची पूर्ण वाक्ये असत. आई तिच्या माहेरच्या बोलीत उत्तर देई आणि त्या दोन भाषांचा संसार कधी अडला नाही. संध्याकाळी आम्ही तिघे पंचशील म्हणत असू. मग लाखोळीचे वरण, भात आणि अंबाडीची किंवा पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. रविवारी क्वचित कोंबडी. ती मोठ्या तव्यावरच होई, पण साधी, तिखटमीठ लावून भाजलेली. सगळे जेवले की त्या तव्यात गरम भात टाकून तो पुसून खाण्याचा हक्क माझा होता. हा हक्क त्या शनिवारपर्यंत मी कोणाला दिल्याचे मला आठवत नाही.

आमच्या घरात एक गोष्ट येत नसे, ती म्हणजे मोहाची फुले. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांना याचे नवल कळणार नाही, म्हणून सांगते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह गळू लागला की पहाटेपासून माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असत आणि दुपारी प्रत्येक अंगणात पिवळसर फुले वाळत पडलेली असत. साऱ्या गावाला तो गोड, जड वास असे. आमचे अंगण तेवढे रिकामे. बाबांचे वडील दारूत गेले होते. मी त्यांना पाहिलेले नाही. बाबा त्यांच्याविषयी बोलत नसत. पण फुले आंबवून सडवा होतो आणि सडव्यापासून दारू, म्हणून मुळात फूलच उंबऱ्याच्या आत येणार नाही, असा त्यांचा नियम होता. गावातल्या बायकांनी दारू बंद करण्यासाठी गट केला तेव्हा त्यांनी सल्ला विचारला तो बाबांनाच. बाबांनी त्यांना तीन नियम दिले आणि पाढ्यासारखे पाठ करवून घेतले. वास आला तर घर कोणाचे ते पाहू नका. आत शिरण्यापूर्वी विचारा. पाहिल्याशिवाय काही फोडू नका.

आईचे माहेर चामोर्शीच्या पलीकडे, दाट जंगलात होते. तिथे मोह वेचून संपला की त्या वर्षीच्या फुलांचा पहिला पाक काढीत आणि त्यात कोंबडी शिजवीत. तो मोठा तवा त्यासाठीच घडवलेला होता. आणि ज्या लेकी लग्न होऊन दूर गेल्या त्यांच्याकडे बाप स्वतः वाळलेल्या फुलांची एक पोटली घेऊन जाई, म्हणजे त्यांनाही आपल्या घरी तो पाक करता यावा. आईचे वडील, ज्यांना आम्ही आबाजी म्हणत असू, निळ्या काठाच्या कपड्यात बांधलेली अशीच पोटली घेऊन मी दुसरीत असताना आमच्याकडे आले होते. बाबांनी ती दारातच थांबवली. आवाज चढवला नाही. सासऱ्यांना एवढेच म्हणाले, “मामाजी, तुम्ही आत या. हे आत येणार नाही.” आतल्या खोलीत भात वाढून झाला होता. आबाजींनी पोटली उचलली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या गाडीने उपाशी परत गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. आईने यावर बाबांशी भांडण केल्याचे मला माहीत नाही. पण पुढे कितीतरी दिवस ती ताट वाढताना एक ताट जास्त मांडी आणि मग उचलून ठेवी.

त्या हिवाळ्यात निरोप आला की आबाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि सोमवारी त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात बोलावले आहे. गाडी आमच्या गावावरूनच जाई. आईने बाबांना विचारले, “दोन दिवस इथी राह्यले त चालते काय?” बाबा म्हणाले, “हे विचारायचे नाही. घर त्यांच्या मुलीचे आहे.”  नंतर भाजी निवडताना आई मला म्हणाली, “यावेळी जेवून गेला पाह्यजे माया बाप. बाकी मले काही नाई पाह्यजे.”

शनिवारी बाबांची सकाळची शाळा होती. आईने मला घरी ठेवून घेतले होते, म्हणून आबाजींना आणायला मी स्टँडवर गेले. कंडक्टरने त्यांना दंडाला धरून उतरवले. धोतर, वर जुना कोट, हातात काठी आणि काखेत निळ्या काठाच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पोटली. ती कशाची ते मी लगेच ओळखले.

“कोन, सुजाता काय?”

“हो, आबाजी.”

“दिसत नाई मले. अंधारल्यावानी वाटते. आवाज मायसारखा झाला तुया.” थोडे चालल्यावर त्यांनी विचारले, “गुरुजी घरी हायत?”

“शाळेत आहेत. बारापर्यंत येतील.”

“बरं हाय,” ते म्हणाले आणि काठी टेकत आमच्या कुंपणापर्यंत आले. तिथे त्यांनी काठीने आधी फाटक शोधले, मग हाताने चाचपून त्याच्या शेजारचा बांबूचा खुंट. पोटलीची गाठ त्यांनी त्या खुंटाला अडकवली आणि नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिले.

“आबाजी, आत घ्या न.”

“नाई बाई. बाहीरच बरं हाय ते. वर्साची सवय हाय, रिकाम्या हातानं लेकीकडं येववत नाई. जाताना घेऊन जाईन.”

आई दारात उभी होती. तिने ते पाहिले. पाय धुवायला पाणी दिले, परसात बाजेवर बसवले, चहा दिला. आबाजींनी बशीतून चहा पिऊन संपवला आणि विचारले, “तवा हाय काय अजून?”

“हाय न. कोंबडं करून राह्यली आज.”

“तिखटमीठ लावून भाज. तेच बरं.” जरा थांबून ते म्हणाले, “पाकाचं नको काढू मनात. तुया घरची रीत येगळी हाय.”

आईने बशी उचलली. मला वाटले ती आत गेली. पण ती अंगणातून थेट कुंपणापाशी गेली, खुंटावरची पोटली न काढता तिची गाठ सैल केली, पदरात दोन ओंजळी फुले घेतली आणि गाठ पुन्हा होती तशी बांधली.

“आई, बाबा…” मी म्हणाले.

“तुया बाबाले मी पाहून घेईन. तू लसूण सोल.”

त्या दिवशी तिने जे केले ते मी पुढे अनेकदा केले आहे, म्हणून कृती क्रमाने सांगता येईल. फुलांतले केसर आणि खडे काढून ती धुवावीत आणि बुडतील एवढ्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकळावीत. मग फडक्यातून पिळून निघालेले पाणी मंद आचेवर आटवावे. ते काकवीसारखे तांबूस आणि घट्ट झाले की पाक तयार. गावठी कोंबडी चिवट असते. तिला हळद, मीठ, आले-लसूण आणि लाल तिखट लावून तव्यावर जवसाच्या तेलात आधी परतावे, पाण्याचा हबका मारावा आणि वर झाकण ठेवून पुरते शिजू द्यावे. पाक ओतायची घाई करू नये, कारण तो करपला तर सगळा तवा कडू होतो. मांस हाडापासून सुटू लागले, पाणी आटले, की झाकण काढावे, चिंचेचा थोडा कोळ आणि मग पाक घालावा. यापुढे उलथने हातातून सोडायचे नाही. आधी बारीक फेस येतो. मग फुगे मोठे आणि संथ होतात, आणि तव्याचा आवाज बदलतो: आधी रटरट, नंतर थांबून थांबून चट्, चट्. तो आवाज आला की प्रत्येक तुकड्याला काळपट तांबडी चकाकी चढलेली असते आणि बोट लावले तर बोटाबरोबर तार निघते. आज माझ्याकडे गॅसची शेगडी आहे, तोच तवा आहे, आणि चंद्रपूरच्या बाजारात मोहाचा पाक बाटलीत मिळतो. मी प्रमाण चुकवत नाही. चकाकीही तशीच येते. मात्र तो आवाज बदलला हे परसातून ओळखून सांगणारे कोणी आता नाही.

त्या दिवशी ते आबाजींनी सांगितले. बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी मान वळवली. “पोरी, पाक टाकला तू.”

“हो, बा.”

“कायले टाकला?”

आई उलथने फिरवत राहिली. थोड्या वेळाने आबाजीच म्हणाले, “आच कमी कर. आवाज बदलून राह्यला.”

तव्यावर झाकण ठेवता येते, वासावर नाही. धानाची मळणी आटोपत आली होती, बायका घरोघरी होत्या आणि त्यांची नाके बाबांनीच तयार केली होती. मी अंगणात पाट मांडत होते तेव्हा फाटकापाशी शेवंताबाई दिसल्या. त्या गटाच्या प्रमुख, हातात मुसळ. त्यांच्या मागे सहा-सात जणी. कोणी आत पाऊल टाकले नाही.

“सुजाता, माय कुठी हाय तुयी?”

मी तोंड उघडण्याआधी सायकलची घंटा वाजली. शाळा सुटून बाबा आले होते.

“काय झाले, शेवंताबाई?”

“वास येऊन राह्यला, गुरुजी.”

“कोणाच्या घरून?”

 मागची एक तरुण बाई पदर तोंडाला लावून हसू दाबू लागली. शेवंताबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले आणि मग बाबांकडे पाहून म्हणाल्या, “तुमीच सांगतलं न जी, घर कोनाचं ते पाहू नका. म्हनून पाहून नाई राह्यलो. पर हे तुमचंच हाय.”

बाबांनी सायकल कुंपणाला टेकवली. हँडल खुंटाला लागले आणि पोटली हलली. त्यांनी तिच्याकडे पाहिले. निळ्या काठाचा तो कपडा त्यांनी ओळखला हे मला त्यांच्या हातावरून कळले. तो हात सायकलीवरून निघता निघेना.

एवढ्यात परसातून आबाजी काठी टेकत अंगणात आले. “कोन आलं? लय जनी वाटतात.”

“आमी होय, आबाजी,” शेवंताबाई म्हणाल्या.

“मंग उभ्या काऊन? बसा न. पोरी, पाटं टाक यांच्यासाठी. जेवाच्या वेळेले आलेलं मानूस असं फाटकात राहते काय?”

“आमी जेवाले नाई आलो.”

“मंग कायले आल्या?”

मुसळ घेऊन आलेल्या बायकांपैकी एकीलाही त्या म्हाताऱ्याला ते सांगवेना. शेवंताबाईंनी मुसळ हळूच पाठीमागे नेले. “असंच. वास आला म्हनून.”

“येईनच,” आबाजी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “तिच्या मायच्या हातचाही असाच येत होता. गावाच्या येशीपर्यंत.”

मग आई बाहेर आली. फडक्याने दोन्ही काठ धरून तिने मोठा तवा अंगणाच्या मधोमध ठेवला. “पाहा. पाहाचा नियम हाय न तुमचा.”

शेवंताबाई वाकल्या. बाकीच्याही वाकल्या. “हे त कोंबडं होय, वं माय.”

“रस्सा दिसत नाई कुठी,” कोणी तरी म्हणाले.

“रस्सा राहत नाई याले. चिकटच राहते.”

हसू फुटले, पण ते टिकले नाही. शेवंताबाई सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाबांना विचारले, “पर फुलं त मोहाचीच हायत. गुरुजी, हे चालते का नाई चालते? आज तुमच्या घरी जे चालते तेच उद्या सगळ्या गावाले चालन.”

सगळ्या बाबांकडे पाहू लागल्या. त्यांच्या नियमाला त्यांच्याच अंगणात असा कोणी प्रश्न केला नव्हता. आई म्हणाली, “सडवा नाई टाकला मी. फुलं उकळली, पाक काढला. माया बापानं आनली हायत. मागच्या खेपेले तो या घरून उपाशी गेला.” तिचा आवाज शांत होता. ती आता बाबांशीच बोलत होती. “आज तो जेवून जाईन. मंग तुमाले पाह्यजे त तवा फोडा.”

बाबा बराच वेळ उभे होते. वर्गात अवघड प्रश्न आला की ते असेच उभे राहत आणि उत्तर येत नसेल तर येत नाही असे स्पष्ट सांगत.  त्या दिवशी मात्र रांजणापाशी जाऊन त्यांनी हात धुतले. आतून ताट आणले, त्यात भात घेतला. मग तव्यापाशी बसून तुकडे निवडले, मांडीचे, मऊ असलेले, आणि ते ताट पाटासमोर ठेवले. आबाजींना दंडाला धरून बसवले, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि ताटाच्या काठाला लावला.

“मामाजी, इथी हाय. गरम हाय, जपून.”

बाबांच्या तोंडून ‘इथी’ मी प्रथमच ऐकले.

आबाजींचा हात ताटावर तसाच राहिला. “जवाईबापू काय?”

“हो.”

“आले तुमी शाळेतून.”

“आलो.”

“ते पोटली मी बाहीर ठेवली हाय. आत नाई आनली.”

“पाहिली मी.”

“जाताना नेतो.”

बाबा म्हणाले, “जेवा तुम्ही आधी.”

आबाजी जेवले. ते बोटे चाटून, हाडे चोखून, सावकाश जेवले. मधून मधून भाताने बोटांचा चिकटपणा पुसत. आई खांबाला टेकून उभी होती. तिला बसायला सांगितले तर ती बसली नाही. बायकांना मी एकेक तुकडा दिला. एवढ्या जणींना एका कोंबडीत त्याहून जास्त येत नव्हते. जाताना शेवंताबाई म्हणाल्या, “गुरुजी, उत्तर नाई देल्लं तुमी.”

“उकळले तर चालेल,” बाबा म्हणाले. “आंबवले तर चालणार नाही. सगळ्यांना सांगा.”

“सांगतो न. पर आता फरक पाहाले घरोघरी जेवाच लागन आमाले.” आणि मुसळ खांद्यावर टाकून त्या गेल्या.

बाबांनी स्वतः वरणभात घेतला. कोंबडीला हात लावला नाही, आणि आईने आग्रह केला नाही. सगळ्यांचे झाल्यावर मी नेहमीप्रमाणे तव्यात गरम भात टाकला आणि काठाला धरलेला पाक घासून घासून त्यात कालवू लागले. भात तांबूस झाला. तेवढ्यात बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले.

“मला एक घास दे.”

मी दिला. तो त्यांनी इतका वेळ चावला की मला वाटले, हाड लागले असावे. मग त्यांनी आणखी एक घास मागितला. आम्ही दोघांनी तो तवा पुसून लख्ख केला. त्या घासांत त्यांना काय आठवले हे मी तेव्हा विचारले नाही आणि पुढेही विचारले नाही. त्यांच्या वडिलांच्या घरीही मोह वाळत असणार, आणि दारूच्या आधीची काही वर्षे त्याही घरात असणार, हे गणित मला फार उशिरा सुटले. आता विचारायला तेही नाहीत आणि आईही नाही. तवा पुसते तेव्हा मी अजून सवयीने अर्धा भात एका बाजूला सारते.

सोमवारी सकाळी आबाजींना चंद्रपूरला नेण्यासाठी बाबांनी शाळेतून रजा घेतली. आईने शिदोरी बांधून दिली. आम्ही फाटकापाशी आलो. आबाजी थांबले, काठी काखेत धरली आणि हाताने खुंट चाचपला. तो रिकामा होता. त्यांनी खाली कुंपणाच्या पायथ्याशी, मग शेजारच्या खुंटावर हात फिरवला.

“गाठ सुटून पडली वाटते कुठी,” ते म्हणाले. “जनावरानं ओढली असंन.”

“पडली नाही, मामाजी,” बाबा म्हणाले. “घरात आहे. काल मी शिंक्यावर ठेवली.”

 रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, बाबांनी त्यांचा दंड धरला, तरी त्यांचा दुसरा हात त्या रिकाम्या खुंटावर तसाच होता.